गिअरबॉक्सचा ताप: डेन्व्हर ते मोआब आणि परत

आदला दिवस, अरोरा

आपल्याकडे हवा सेल्सिअसमध्ये असते आणि ताप फॅरनहाइटमध्ये. "आज ४१ होतं" म्हटलं की ऊन, "१०२ आहे" म्हटलं की पोरगं शाळेत जात नाही. अमेरिकेत चौदा वर्षं काढूनही इथलं हवामान मला अजून मनातल्या मनात बदलून घ्यावं लागतं. एकच आकडा थेट फॅरनहाइटमध्ये कळतो, तो म्हणजे माझ्या पिकअपच्या गिअरबॉक्समधल्या तेलाचा. आईने त्याला पहिल्या दिवसापासून "ताप" म्हटलं, आणि ते नाव बसलं ते बसलंच.

आई सांगली जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांत एकतीस वर्षं सिस्टर होती. तीन महिन्यांसाठी इकडे आली होती, गणपतीच्या आत परत जायचं होतं. त्याआधी तिला घेऊन पाच दिवस फिरायचं ठरलं: डेन्व्हरहून आय-७० महामार्गाने युटातलं मोआब, येताना यूएस-५० ने मोनार्क पासच्या घाटावरून घरी. घरात ट्रक माझा आणि त्याला जोडून न्यायचा राहण्याचा ट्रेलर हा नवऱ्याचा हट्ट. ओढायचं काम माझं. रिव्हर्स घेताना मागे उभं राहून हातवारे करायचं काम त्याचं. नऊ वर्षांच्या लेकीचं काम भूक लागली म्हणायचं.

ट्रक २०१३ चा आहे, सहा गिअरचा ऑटोमॅटिक, व्ही-८ इंजिन, हवा दाबून भरणारा टर्बो नाही. याला 'हाफ-टन' म्हणतात, म्हणजे अर्धा टन माल नेणारा. ते नाव आता फक्त नावालाच राहिलंय. ट्रेलर सामानसुमानासकट वजनकाट्यावर ५,६४० पौंड भरला, म्हणजे अडीच टनांच्या वर. मॅन्युअलच्या हिशोबात बसतं. पण आमचे रस्ते ११,००० फुटांवरून जातात आणि तिथे टर्बो नसलेल्या इंजिनाची जवळजवळ एक तृतीयांश ताकद विरळ हवाच खाऊन टाकते. हजार फुटांमागे तीन टक्के, असा ढोबळ हिशोब आहे.

गेल्या वर्षी याच ट्रेलरसकट मोनार्क चढताना डॅशबोर्डवर गिअरबॉक्स तापल्याचा दिवा दोन मिनिटं लागून गेला होता. मोडलं काही नाही. घरी येऊन तेल काढलं तर फिल्टर कॉफीच्या रंगाचं, आणि वास करपलेल्या दुधाचा. तेल बदललं. खटकलं ते दुसरंच. इंजिनच्या पाण्याचा काटा डॅशबोर्डवर आहे, गिअरबॉक्सला मात्र नुसता दिवा. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे पेशंट आयसीयूत गेला की तुम्हाला बेल वाजणार. वॉर्डात असताना चार्ट कोण ठेवतं?"

चार्ट ठेवायची सोय आधीच आहे, फक्त लपवलेली. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोटारीत स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं ओबीडी-टू सॉकेट असतं. त्यात काडेपेटीएवढा ब्लूटूथ अडॅप्टर खोचला की फोनवर इंजिनचे आकडे येतात. आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे), पाण्याचं तापमान वगैरे ठरलेल्या यादीत मिळतं. गिअरबॉक्सच्या तेलाचं मात्र त्या सर्वसाधारण यादीत नाही. त्याचा कोड प्रत्येक कंपनीचा वेगळा, आणि आलेल्या आकड्याचे अंश करायचं सूत्रही वेगळं. ते शोधून हाताने भरावं लागतं.

मी भरलं. गॅरेजमध्ये रात्रभर थंड पडलेल्या ट्रकने १४१ ताप दाखवला.

"आधी झटकून घे," आई म्हणाली. पाऱ्याचा थर्मामीटर लावण्याआधी झटकून खाली आणायचा, ही तिची पहिली शिस्त. इथे झटकणं म्हणजे वेगळं. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत हवा, इंजिनचं पाणी आणि गिअरबॉक्सचं तेल तिन्ही एकाच तापमानाला आलेलं असतं. हवा ६६, पाणी ६७, म्हणजे तेलही त्याच आसपास हवं. सूत्रातला भागाकार माझा चुकला होता. दुरुस्त केल्यावर ६६ आलं. ही तपासणी न करता जे लोक नुसता ॲपवर विश्वास ठेवून घाट चढतात, त्यांचं मला कौतुक वाटतं.

गिअरबॉक्सची डिपस्टिक, म्हणजे तेल बघायची पट्टी, काढून टिश्यूवर तीन थेंब टाकले. नव्या गाड्यांत ही डिपस्टिकच बहुतेक काढून टाकलीय, माझ्या ट्रकला आहे. ताजं तेल लाल असतं, थेट कोकम सरबत. आईने टिश्यू उजेडात धरून पाहिला आणि वहीच्या पहिल्या पानावर टाचणीने लावून ठेवला. वही लेकीची, दोनशे पानी, मुखपृष्ठावर घोडा. आत आईने पट्टीने रकाने आखले: वेळ, ठिकाण, उंची, ताप, शेरा.

पहिला दिवस: अरोरा ते ग्लेनवूड स्प्रिंग्ज

शनिवारी निघायची चूक केली. उन्हाळ्यातल्या शनिवारी सकाळी अख्खं डेन्व्हर पश्चिमेला डोंगरात जातं.

गोल्डनच्या पुढे माउंट व्हर्नन कॅन्यनचा चढ लागला. टो-हॉलचं बटण मी घरीच दाबलं होतं. ते दाबलं की गिअरबॉक्स वरचा गिअर उशिरा घेतो, खालचा लवकर, आणि उतारावर इंजिनला ब्रेक लावायला लावतो. १७८ वरून १९६. आईने शेरा लिहिला, 'चढता'.

"नॉर्मल किती?" तिने विचारलं. माणसाचं ९८.४ तसं इथे एक ठरीव उत्तर नाही. रिकामा ट्रक १७० ते १९०, ओढताना २००-२१० पर्यंत चालतं. २२० ला मी पाय आखडता घेते, २३० ला थांबायचं ठरवलं होतं. गॅरेजवाल्यांचा जुना ठोकताळा असा की १७५ च्या वर दर वीस अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं. २४० च्या आसपास तेलाचं वार्निश होऊन आतल्या झडपांवर बसायला लागतं, आणखी वर गेलं की रबरी सील कडक होतात. तो तक्ता जुन्या तेलांचा आहे, हल्लीची तेलं जास्त सोसतात. पण सोसतात म्हणून तापवायची असं नाही.

"आणि बघतेस कुठे? काखेत की तोंडात?"

हा प्रश्न मी ज्या कोणाशी ट्रकबद्दल बोलले त्यांच्यापैकी एकानेही विचारलेला नाही. काखेतल्या तापात एक मिळवायचा असतो. गिअरबॉक्समध्येही तसंच आहे. माझ्या ट्रकचा सेन्सर खालच्या तेलाच्या कढईत बसतो. इंजिनची ताकद गिअरपर्यंत पोचवणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमधून बाहेर पडणारं तेल त्याहून पुष्कळ तापलेलं असतं. ते कूलरमधून फिरून, गार होऊन कढईत येतं आणि तिथे आपण मोजतो. म्हणजे काखेतला ताप. एकाच्या ट्रकचा २१० आणि दुसऱ्याचा २१० यांची तुलना करण्यात त्यामुळेच अर्थ नसतो.

जॉर्जटाउनच्या पुढचा चढ सरळ अंगावर येतो. इथे जॉर्जटाउन आणि सिल्व्हर प्लूम ही दोन गावं दोन मैलांवर, पण उंचीत ६४० फुटांचा फरक. १८८४ मध्ये रेल्वेवाल्यांनी तो चढ परवडावा म्हणून लोहमार्ग असा वेटोळा नेला की गाडी एका उंच पुलावरून स्वतःच्याच रुळांवरून जाते. ती छोटी गाडी अजून पर्यटकांसाठी चालते. आई खिडकीतून तिच्याकडे बघत राहिली, त्या नादात एक रीडिंग चुकलं. लेकीने मागून सांगितलं, "आजी, टू झिरो फोर."

मग वाहतूक तुंबली. पुढच्या आयझेनहॉवर बोगद्याच्या अलीकडे सात-आठ मैल सगळं गोगलगायीच्या चालीने. चढावर थांब, दहा फूट सरक, थांब. आणि आकडा जो पळायला लागला! २०९. २१४. २१९. ताशी पाच मैलांनी चाललेली गाडी ताशी पन्नासने चाललेल्या गाडीपेक्षा जास्त का तापते, हे मागून नवऱ्याने विचारलं.

ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअर यांच्यात क्लच नसतो, टॉर्क कन्व्हर्टर असतो. तेलात बुडवलेली दोन पाती समोरासमोर. इंजिन एक फिरवतं, ते तेल फेकतं, तेलाच्या लोंढ्याने दुसरं फिरतं. वेग आला की आतला लॉक-अप क्लच दोन्ही पाती घट्ट धरतो आणि मग तेल घुसळायचं थांबतं. कमी वेगात, चढावर, ओझ्यासकट दोन्ही पात्यांच्या वेगात मोठा फरक राहतो आणि इंजिनची ताकद तेल घुसळण्यात जाते. गिरणीतून आणलेलं पीठ हाताला चटका देतं ना, ते दाणे कोणी चुलीवर ठेवलेले नसतात. त्यात गाडी थांबलेली म्हणून कूलरवर वारा नाही, आणि जो आहे तोही विरळ.

२२६ ला मी २१६ नंबरची एक्झिट घेतली. इथून जुना रस्ता ११,९९० फुटांच्या लव्हलँड पासवरून जातो. ज्वालाग्राही माल नेणाऱ्या टँकरना बोगद्यात प्रवेश नाही, त्यांना तिकडून वळसा घालावा लागतो. स्की-केंद्राच्या मोकळ्या आवारात गाडी उभी केली. हँडब्रेक, पार्क, इंजिन चालू.

"बंद कर की," आई म्हणाली, "विश्रांती दे त्याला."

हीच चूक मी गेल्या वर्षी केली होती. तेल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद केलं की गरम तेल जिथल्या तिथे साचून राहतं, कूलरपर्यंत पोचतच नाही. नुसतं चालू ठेवायचं, ओढायचं काम काढून घ्यायचं. सतरा मिनिटांत २२६ चं १९३ झालं. तेवढ्यात आम्ही थर्मासमधला चहा आणि थालीपीठ संपवलं. आईने शेऱ्यात लिहिलं: 'पेशंटला चालू ठेवून आराम. ताप उतरला.'

आयझेनहॉवर बोगदा १९७३ मध्ये उघडला. तेव्हा एकच नळी होती. पूर्वेकडे येणारी दुसरी १९७९ मध्ये झाली. पश्चिमेचं तोंड ११,१५८ फुटांवर आहे. १.७ मैल आत गेलो आणि बाहेर पडलो तो थेट सात टक्क्यांचा उतार, आठ मैल, सिल्व्हरथॉर्नपर्यंत. घाटातला जुना नियम: ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. तिसऱ्यात टाकून ताशी पंचेचाळीसने सोडली. इंजिन कण्हत होतं, ब्रेक मधूनमधून. बाजूला वर चढत जाणारी खडीची पट्टी दिसली, तेव्हा आईने ती कशासाठी ते विचारलं. ब्रेक गेलेल्या ट्रकला त्यात घुसून थांबायला. त्यानंतर ती उताराच्या शेवटापर्यंत वहीत बघत नव्हती, रस्त्यात बघत होती.

व्हेल पास निमूट गेला, २०८. ग्लेनवूड कॅन्यनमध्ये ऊन तिरपं झालं होतं. हा आय-७० चा सगळ्यात शेवटी बांधलेला भाग, १९९२ चा. कोलोरॅडो नदीच्या कडेने रस्ता खांबांवर टांगून नेलाय, पूर्वेकडे जाणारा खाली, पश्चिमेकडे जाणारा वर. ताप १८४. शेरा: 'पेशंट शांत. नदी सुंदर.'

दुसरा दिवस: ग्लेनवूड स्प्रिंग्ज ते मोआब

आज घाट नाही म्हणून मी निर्धास्त होते. पॅलिसेडला पीच घेतले, आईने भाजीवालीशी करावी तशी घासाघीस करायचा प्रयत्न केला, विक्रेत्या आजींना ती कळलीच नाही. त्यांनी खुशीने दोन जास्त घातले.

ग्रँड जंक्शन सोडून युटात शिरलो तशी जमीन सपाट आणि वारा समोरून. इथे वेगमर्यादा ताशी ८० मैल. मी ७० ने होते. रस्ता सपाट, ट्रक सहाव्यात, आणि ताप हळूहळू २१२. सपाटीवर! आईने चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं.

कारण कळायला दहा मिनिटं गेली. ट्रेलर म्हणजे एक उभी भिंत. ती भिंत वाऱ्यात ७० ने ढकलायला सहाव्या गिअरची ताकद पुरत नव्हती. गिअरबॉक्स पाचव्यात उतरायचा, वेग मिळाला की परत सहाव्यात, परत पाचव्यात. दर वेळी लॉक-अप सुटायचा आणि तेल घुसळलं जायचं. आरपीएमची ही चढउतर मी ऐकत होते, पण काट्याकडे बघत नव्हते. सहावा बंद केला, वेग ६० वर आणला. इंजिन आता जास्त आरपीएमवर, जास्त आवाजात, आणि ताप खाली: २०५, १९९, १९४. जास्त ओरडणारं इंजिन म्हणजे जास्त कष्ट, अशी आपली समजूत असते. गिअरबॉक्सपुरतं बोलायचं तर खालच्या गिअरमध्ये लॉक-अप धरून ओरडत गेलेलं बरं. वरच्या गिअरमध्ये कुंथत जाणं वाईट.

थॉम्पसनच्या अलीकडे १९४. पाच मिनिटांनी १९४. क्रेसेंट जंक्शनची एक्झिट घेऊन दक्षिणेला यूएस-१९१ ला लागलो, १९४.

"गाडी थांबव," आई म्हणाली.

"का?"

"तीन वेळा तोच आकडा. अगं, मेलेल्या माणसाचंसुद्धा टेम्परेचर इतकं स्थिर राहत नाही."

कडेला घेतलं. ब्लूटूथ तुटला होता. ॲपने ते सांगण्याऐवजी शेवटचा आकडा तसाच स्क्रीनवर ठेवला होता. अडॅप्टर काढून परत खोचला, १८७ आलं. काही बिघडलं नव्हतं, पण हाच ॲप घाटात १९४ धरून बसला असता तर मी खुशाल वर चढत राहिले असते. त्या दिवसापासून आरपीएमचा आकडा मी त्याच स्क्रीनवर शेजारी ठेवला. तो क्षणभरही स्थिर राहत नाही. तो हलत असला तर बाकीचेही जिवंत.

संध्याकाळी मोआबमधल्या कॅम्पग्राउंडवर आमची जागा चढावर, खडीची, आणि तिरकी. रिव्हर्स. नवरा मागे हातवारे करतोय, मला आरशात त्याचा फक्त एक हात दिसतोय, लेक सल्ले देतेय. सहा मिनिटांत चार प्रयत्न. ताप १८३ वरून १९७. अख्ख्या दुपारच्या सपाट रस्त्यापेक्षा ही सहा मिनिटं गिअरबॉक्सला आणि संसाराला जड गेली.

तिसरा दिवस: मोआब

ट्रेलर सोडून ठेवला. ट्रक मोकळा. आर्चेस नॅशनल पार्कमध्ये बाहेर ९७ आणि गिअरबॉक्स १७६. ओझं उतरलं की असं.

दोन हजारांच्या वर दगडी कमानी आहेत या पार्कात. डेलिकेट आर्चला जायची वाट उघड्या खडकावरून चढते, आईच्या गुडघ्यांना जमणारी नव्हती. खालच्या व्ह्यूपॉइंटवरून ती शंभर यार्डांच्या सपाट वाटेवरून बघता येते, लहान, दूर, डोंगराच्या कडेला ठेवलेल्या कपाच्या कानासारखी. आई खूप वेळ बघत बसली आणि म्हणाली, "हे पडणार एक दिवस." पडतातच. २००८ मध्ये इथली वॉल आर्च रात्रीतून पडली.

वही आज कोरी. तिने तारीख घालून एवढंच लिहिलं: 'सुट्टी'.

चौथा दिवस: मोआब ते ब्लू मेसा

पहाटे साडेपाचला निघालो, उन्हाच्या आत. ग्रँड जंक्शनपर्यंत आलेला रस्ता, मग यूएस-५० ने डेल्टा, मोंट्रोझ. मोंट्रोझच्या पुढे दोन-तीन नागमोडी चढउतार आहेत, नकाशावर किरकोळ दिसतात आणि ट्रेलरसकट अजिबात किरकोळ नाहीत. २१५ झालं. तिसरा गिअर, ताशी चाळीस, मागे रांग लागली की रुंद कडेला घेऊन सगळ्यांना सोडून द्यायचं. इथे पूर्वी मला लाज वाटायची. आई म्हणाली, "ॲम्ब्युलन्सला कोणी हॉर्न देत नाही." दिला एकाने, पण ते असो.

ब्लू मेसा हा कोलोरॅडोतला सगळ्यात मोठा जलाशय. एल्क क्रीकच्या कॅम्पग्राउंडवर झाडं जवळजवळ नाहीत. आहे ते सेजब्रश, वारा आणि पाणी. उंची साडेसात हजार फूट.

आईने वरण लावलं. साध्या पातेल्यात डाळ शिजता शिजेना. एवढ्या उंचीवर पाणी १९८ लाच उकळतं, तापवा कितीही, त्याच्या वर जात नाही. मग ट्रेलरमधला कुकर काढला आणि चार शिट्यांत काम झालं. कुकर उतरताना मी लेकीला सांगत होते की ट्रकचं रेडिएटरही असंच आहे. झाकण दाबाचं असतं म्हणून उद्या मोनार्कवर इंजिनचं पाणी २१० ला गेलं तरी उकळणार नाही. उघडं पातेलं तिथे १९२ लाच उकळेल. आणि गिअरबॉक्सचं तेल आधी त्याच रेडिएटरच्या टाकीतल्या नळीतून फिरतं, मग पुढच्या छोट्या कूलरमधून. म्हणजे इंजिन तापलं की गिअरबॉक्सचा गारवाही गेला.

"एकाचा ताप दुसऱ्याला," आई म्हणाली. तिने ते शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं. वेळेच्या जागी 'रात्री, वरण' लिहिलं होतं.

पाचवा दिवस: मोनार्क पास आणि घर

सहा वाजता बाहेर ४४ अंश फॅरनहाइट. गनिसनच्या पुढे रस्ता टोमिची क्रीकच्या कडेने हळूहळू चढतो, दोन्ही बाजूंना गवताची कुरणं आणि त्यांवर धुकं. सार्जंट्सला पेट्रोल भरलं. इथून ८,४०० फुटांच्या आसपासवरून सुमारे दहा मैलांत ११,३१२ फूट. गेल्या वर्षी दिवा लागला तो याच चढावर, दुपारी दोनला, ८५ अंशांत, मी गिअरबॉक्सला त्याच्या मनावर सोडलेलं असताना.

या वेळी पायथ्यालाच तिसरा धरला. ३,७०० आरपीएम, ताशी बेचाळीस मैल. एकदा धरलं की पायही हलवायचा नाही.

आईने रेडिओ बंद करायला लावला.

"१८८."
"हं."
"१९५."

दर मैलाला ती आकडा म्हणायची आणि मी हुंकार द्यायचे. पाइनची झाडं रस्त्याच्या जवळ आली. एका वळणावर पुढे पायपांनी लादलेला ट्रेलर, धोक्याचे दिवे लावून, ताशी पंचवीसने. ओव्हरटेक करायला डावी लेन होती, पण त्यासाठी पूर्ण पाय द्यावा लागला असता; दुसरा गिअर, ५,००० आरपीएम. मागे राहिले असते तर वेग उतरून लॉक-अप सुटला असता. दोन सेकंदांत ठरवायचं होतं.

"किती?"
"२०३."

दिला पाय. ट्रक किंचाळला. नवऱ्याने मागे काहीतरी पकडलं असावं. पाऊण मिनिट लागलं त्या ट्रेलरच्या पुढे जायला, आणि परत तिसऱ्यात स्थिरावल्यावर आई म्हणाली, "२११. चढतंय." मग "२१४." मग बराच वेळ काहीच नाही. मला रस्त्यावरून नजर काढता येईना.

"आई?"
"२१४ च. थांब, आरपीएम हलतंय. खरंच २१४ आहे."

पासवर पोचलो तेव्हा २१६ होतं. गेल्या वर्षीचा आकडा मला माहीतच नाही, दिव्याला आकडा नसतो.

वर दुकान आहे, पाटी आहे: काँटिनेंटल डिव्हाइड. या रेषेच्या पश्चिमेला पडलेलं पाणी गनिसनमधून कोलोरॅडो नदीला मिळतं, पूर्वेला पडलेलं आर्कान्सातून मिसिसिपीला. लेकीने बाटलीतलं पाणी दोन्ही बाजूंना थोडं थोडं ओतलं. इंजिन चालूच होतं. दहा मिनिटांत १९१.

आईने तिथे पान उलटून पहिल्या दिवसाचं काढलं. शनिवारचा २२६ आणि आजचा २१६, दोन्हीखाली रेघ मारली. "हा," तिने शनिवारच्यावर बोट ठेवलं, "वीस मिनिटांत, जेमतेम दोन मैलांत सतरा चढला होता. आजचा दहा मैलांत अठ्ठावीस चढला. मला शनिवारची भीती वाटली होती, आज नाही वाटली." नुसत्या आकड्याकडे ती कधी बघतच नव्हती, हे मला तेव्हा कळलं. ती रेघेचा उतार बघत होती.

पुढचा रस्ता पटापट संपला. पोंचा स्प्रिंग्जपर्यंत उतार, यूएस-२८५, ट्राउट क्रीक पास २०१, साउथ पार्कचं अथांग माळरान, वारा आडवा. फेअरप्लेला सँडविच. दहा हजार फुटांच्या केनोशा पासवर २०४. बेलीच्या पुढच्या क्रो हिलला मात्र २१३, छोटा पण खडा चढ आहे, त्याला कोणी नावाजत नाही. नवऱ्याशी बोलून ठरलं की पुढच्या उन्हाळ्याच्या आत रेडिएटरच्या पुढे एक मोठा जादा कूलर बसवायचा. ट्रेलर लहान घ्यायचा पर्याय मी मांडला होता. त्यावर चर्चा झाली नाही.

घरी ड्राइव्हवेमध्ये रिव्हर्स एकाच प्रयत्नात बसला. शेजाऱ्यांनी बघितलं असेल अशी आशा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी गॅरेजमध्ये गेले तर आई आधीच ट्रकमध्ये, फोन हातात, किल्ली ऑनवर. हवा ६३, पाणी ६४, तेल ६४. तिने लिहून घेतलं. मी डिपस्टिक काढून टिश्यूवर तीन थेंब टाकले आणि पहिल्या पानावरच्या टिश्यूशेजारी धरले. लालच होता, किंचित काळवंडलेला, कोकमात चिमूटभर जिरेपूड जास्त पडावी तसा. आईने वाकून वास घेतला.

"करपलं नाही," ती म्हणाली, टाचणी लावली, आणि चहा टाकायला आत गेली.